प्रत्येक खोलीत तीच दरी

आमच्या घरात पंखा लावायला बंदी आहे. उन्हाळा असो, अंगाची लाही होवो, पाहुणे वर्तमानपत्राने वारा घेत बसोत, पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही. कारण मागच्या खोलीत कागद ओले असतात. पंख्याचा वारा लागला की कागद एका अंगाने आधी वाळतो, चित्रातल्या आकाशात डाग पडतो, आणि मग आमचे हे जो चेहरा करतात तो बघण्यापेक्षा घामाने निथळलेलं परवडलं. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा बिचाऱ्याने उठून सरळ बटण दाबलं. मी अशी किंचाळले की त्याला वाटलं, बटणाला शॉक आहे. अजूनही आमच्याकडे आला की तो कुठल्याच बटणाला हात लावत नाही.

हे चित्रकार आहेत. डोंगर आणि दऱ्या काढतात, जलरंगात. बिल्डिंगमधली मुलं त्यांना डोंगरकाका म्हणतात. माणूस काटकुळा, पाठीत वाकलेला, गळ्यात दोन चष्मे, एक जवळचा आणि एक लांबचा. बोलणं मोजकं. दोघांच्या वाटचं मीच बोलते, त्यामुळे आमचं बरं चाललंय असं लोकांना वाटतं.

मागची खोली म्हणजे त्यांचं काम करायचं ठिकाण. लांबट, अरुंद, तिसऱ्या मजल्यावरची. जुना पलंग मोडून त्याच्या फळ्यांची मांडणी केलीय, तिच्यावर एकाखाली एक असे दहा बोर्ड सरकवता येतात. टेबलावर पाण्याच्या दोन बरण्या, एक ब्रश धुवायची आणि एक रंगात घ्यायची. रंग कालवायला पांढरी इनॅमलची ताटं. एका बरणीतलं पाणी मी एकदा चुकून झाडांना घातलं होतं, त्यावर पंधरा दिवस टोमणे ऐकले. खिडकी एकच. ती उघडली की समोर हातभर अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, तिच्यावरून खाली गेलेले तीन पाइप, आणि कुणाच्या तरी एसीचं टपकणारं पाणी. डोंगर काढणाऱ्या माणसाला ही खिडकी! मी एकदा म्हटलं, पडदा तरी लावू. तर म्हणाले, ‘कशाला? मी कुठं बाहेर बघतो?’

तेव्हा मी हसले होते. आता नाही हसू येत.

लग्न झालं तेव्हा हे नकाशांच्या कचेरीत आरेखक होते. दिवसभर दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनीच्या रेघा शाईने ओढायच्या आणि रविवार उजाडला की पहिल्या बसने डोंगर गाठायचा. मला वाटलं होतं, नवरा फिरवतोय, मज्जा आहे. कसली मज्जा! छत्री माझ्या हातात, सावली कागदावर आणि ऊन माझ्या डोक्यावर. आणि गंमत अशी, की तास तास ब्रश उचलायचाच नाही. नुसतं बघायचं. आधी बघायचं, मग उठून चार पावलं बाजूला जाऊन बघायचं, मग डोळे बारीक करून बघायचं. मी म्हणायचे, ‘अहो, डोंगर काय पळून जातोय? काढा की!’ तर म्हणायचे, ‘थांब. अजून दिसला नाही.’ एवढा थोरला डोंगर समोर, आणि ह्यांना दिसला नाही!

पण एकदा दिसला की मग बघत राहावं असं काम. जलरंग फार दुष्ट. त्यात पांढरा रंग लावत नाहीत. जिथं पांढरं हवं तिथं कागदच कोरा सोडायचा. म्हणजे काय काढायचं नाही हे आधी ठरवायचं. आणि एकदा चुकलं की चुकलं. तेलरंगवाल्यांचं बरं असतं, चुकलं की वर फासलं. इथं ओल्या कागदावर रंग सोडला की तो सुकेपर्यंत माणूस बांधलेला. शिंक आली तरी दाबायची. त्या रविवारी रविवारी केलेल्या चित्रांत दोन कधी सारखी नव्हती. एकात सगळं निळं, एकात नुसतं धुकं आणि खाली एवढीशी वाट. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, पण ती बघितली की मला त्या दिवशी लागलेलं ऊन आठवायचं.

त्यातलंच एक एका प्रदर्शनात लागलं. दरी आहे, मागे तीन डोंगर, एकापेक्षा एक फिकट. खाली नदीचं वळण, तेवढा कागद कोरा सोडलेला. उजवीकडे एक उतरतं छप्पर. ते एका हॉटेलच्या मालकीणबाईंनी विकत घेतलं आणि पुढच्या आठवड्यात बाई स्वतः आमच्या घरी हजर. पायातले बूट न काढता थेट मागच्या खोलीत. त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या हॉटेलात दीडशे खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत हाताने काढलेलं ओरिजिनल चित्र असणार आहे. छापील नाही, खरं. आणि प्रत्येक खोलीत हेच. ‘म्हणजे गेस्ट कुठल्याही खोलीत गेला तरी त्याला आमचं हॉटेल ओळखू येईल,’ म्हणाल्या.

ओरिजिनल, आणि तेच! मी कपाळावर हात मारून घेतला. पण तो मनात. तोंडाने मी त्यांना चहा विचारला.

हे सरळ नाही म्हणाले. बाई गेल्यावर मला म्हणाले, ‘तेच चित्र परत कसं काढू? ती सकाळ कुठून आणू?’ खरं तर तिथंच विषय संपायला हवा होता. संपला नाही तो माझ्यामुळे. मी म्हटलं, ‘अहो, दीडशे चित्रं काढा, मग नोकरीला रामराम ठोका. मग रोज रविवार! रोज डोंगरावर जा, कोण अडवतंय?’ तीन दिवस मी हेच ऐकवत होते, जेवताना, कपडे वाळत घालताना, झोपायच्या आधी. चौथ्या दिवशी हो म्हणाले.

पहिली चित्रं त्यांना दोन-दोन दिवस लागायची. बाईंनी नमुन्याला दिलेलं मूळ चित्र समोर ठेवून एक-एक करायचे, आणि प्रत्येकात थोडं काहीतरी वेगळं व्हायचं. बाईंनी चार परत पाठवली. नदी जास्त रुंद झालीय, म्हणे. मग मी डोकं चालवलं. मी स्वयंपाकघरात वाढलेली बाई, मला एकेक पदार्थ पूर्ण करून मग दुसरा चढवणं माहीतच नाही. म्हटलं, ‘दहा कागद एकदम का नाही लावत? आधी दहांचं आकाश करा. ते वाळेपर्यंत पुढची ताटं कालवा. मग दहांचा लांबचा डोंगर, मग मधला, मग जवळचा. एकाच ताटातला रंग, म्हणजे एकसारखा लागेल.’ ही दहाची पद्धत माझी. कुणाला खोटं वाटेल, पण ह्यांनी मला चक्क शाबासकी दिली. त्या दिवसापासून मी मदतीला लागले. कागद पाण्यात भिजवून बोर्डावर पसरायचा आणि चारी कडांना डिंकाची पट्टी ओली करून चिकटवायची, म्हणजे वाळताना तो सुरकुतत नाही. एका बोर्डाला चार पट्ट्या, दहांना चाळीस. आता मी न मोजता फाडते.

दीडशे झाली. नोकरी सुटली. तेवढ्यात बाईंनी दुसरं हॉटेल काढलं. मग तिसरं. ‘ही खेप गेली की डोंगरावर जाऊ’ असं हे म्हणायचे आणि मी मान डोलवायची. खेप गेली की ह्यांचा गुडघा दुखायचा. गुडघा बरा झाला की माझं ऑपरेशन. ऑपरेशन उरकलं की लेकीचं बाळंतपण. आणि ते उरकेपर्यंत पुढची खेप दारात. बघता बघता अकरा वर्षं गेली. एकदाही गेलो नाही. थोरली सुटकेस चार वेळा खाली काढली आणि चारही वेळा पुसून वर ठेवली.

ह्यांचा हात मात्र असा बसला की काय सांगू. मूळ चित्र परत बाईंच्या ऑफिसात गेलं, ह्यांना त्याची गरजच उरली नाही. फोन कानाला लावून जावयाशी बोलता बोलता दहा डोंगर करून टाकायचे. मी कौतुकाने लोकांना सांगायचे, ‘ह्यांचा हात म्हणजे मशीन आहे मशीन!’ जीभ कशी झडली नाही माझी.

कारण माणूस मिटत चालला होता आणि ते मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पूर्वी काम करताना गुणगुणायचे, ते बंद झालं. जेवताना ‘मीठ कमी आहे’ म्हणायचे, तेही बंद झालं. एखाद्या दुपारी मी आत जावं तर ब्रश हातात घेऊन खिडकीशी उभे, समोरच्या पाइपांकडे तोंड. ‘काय बघताय?’ विचारलं की दचकायचे. ‘कुठं काय?’ म्हणायचे आणि परत टेबलाशी बसायचे. लेक फोनवर म्हणाली, ‘आई, बाबांना जरा बाहेर काढ.’ मी म्हटलं, ‘काढते गं, ही खेप जाऊ दे.’

मागच्या वर्षी बाई आल्या त्या कराराचा कागद घेऊनच. अजून तीन वर्षं, चार नवी हॉटेलं, चारशे ऐंशी खोल्या. वाचून सही करा, महिन्याअखेर माणूस पाठवते, असं म्हणून गेल्या. ह्यांनी कागद टेबलावर ठेवला, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला. मी दोनदा हाक मारली. दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा शर्टाची कॉलर भिजलेली होती.

‘मला नाही करायचं,’ म्हणाले.

अकरा वर्षांत पहिल्यांदा. आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, ‘मग करणार काय?’

‘चित्रं काढीन.’

‘कसली?’

गळ्यातला चष्मा पुसायला लागले. त्याचा मला राग आला, की भीती वाटली, देव जाणे. माझ्या तोंडाला तर कधीच लगाम नव्हता. म्हटलं, ‘अकरा वर्षांत एक तरी नवं काढलंत? रविवार तर मोकळे होते! बाईंनी काय हात धरला होता तुमचा?’

बोलून गेले आणि लगेच वाटलं, शब्द परत घेता आले तर. दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता. तिसऱ्या दिवशी मी कपड्यांच्या घड्या करत होते तिथं येऊन उभे राहिले.

‘पुढच्या आठवड्यात डोंगरावर जाऊ,’ म्हणाले. ‘मी एक चित्र काढतो. नवं. समोर बसून. ते जमलं तर तू बाईंना फोन करायचा आणि नाही म्हणून सांगायचं. नाही जमलं तर मी सही करतो. परत या विषयावर तोंड उघडणार नाही.’

‘आणि जमलं की नाही हे कोण ठरवणार?’

‘तू.’

‘मी? मला काय कळतंय त्यातलं?’

‘तुला माझी चित्रं कळतात. आणि तू तोंडावर सांगतेस.’

ते खरं होतं. ह्यांच्या साहेबांच्या तोंडावर मी त्यांना चिकट म्हटलं होतं, तेही त्यांच्याच घरी जेवायला बसून. सख्ख्या बहिणीच्या नव्या घराला कोंदट म्हटलं, म्हणून ती वर्षभर बोलत नव्हती. खोटं बोलायचं म्हटलं की माझं तोंडच वाकडं होतं. म्हटलं, ‘ठीक आहे. सांगेन.’

मी मनाशी एकच अट घातली होती. त्या जुन्या दरीकडे जायचं नाही. दुसरीकडे, जिथं आम्ही कधी पाय ठेवला नाही अशा ठिकाणी. बसने पाच तास. रस्ता वळणावळणाचा, मी समोरची दांडी घट्ट धरून बसलेले, आणि हे? खिडकीला नाक लावून बसले होते. ‘ते बघ! ते बघ!’ करत माझा खांदा पार दुखवून ठेवला. मी आतून इतकी खूश झाले, की बाहेरून ‘पुरे हो, लोक बघतायत’ म्हणाले.

सकाळी लवकर उठून कड्याकडे चालत गेलो. दरी समोर आली आणि हे ‘वा!’ म्हणून जागच्या जागी थांबले. ती सुंदर वगैरे नव्हती बरं का. मला तर आधी ती भकासच वाटली. तपकिरी, कोरडी, तुटलेली. नदी नाही, नाला नाही. समोरच्या डोंगराच्या पोटात रस्ता खोदलेला, त्याची तांबडी माती खालपर्यंत ओघळलेली. डावीकडे खडी काढायची खाण, तिथून धूळ उठत होती. आणि एका ढगाची सावली त्या सगळ्यावरून हळूहळू सरकत होती. ती सावली ज्या भागावर जाई तो जांभळा होई आणि पुढे गेली की परत तपकिरी. ते मला आवडलं. म्हटलं, हे ह्यांना दिसेलच.

घडीचं स्टूल मांडलं. मी चार पट्ट्या फाडल्या, कागद चिकटवला. ह्यांनी तो चपट्या ब्रशने ओला केला. मी छत्री उघडून धरली, सावली कागदावर, ऊन माझ्या डोक्यावर, आणि मनात म्हटलं, चला, आता तासभर उभं राहणं आलं.

तासभर कसलं! दोन मिनिटंसुद्धा गेली नसतील. हे गुणगुणायला लागले आणि ब्रश खाली आला. मला आनंदच झाला. किती वर्षांनी ते गुणगुणणं कानावर पडलं होतं. मी दरीकडे बघत उभी राहिले, सावली कुठवर गेली ते बघत. थोड्या वेळाने कागदाकडे नजर गेली तेव्हा आकाश झालं होतं. वर निळं, खाली जाता जाता फिकट होत गेलेलं. म्हटलं, आकाश काय, सगळीकडचं सारखंच. मग लांबचा डोंगर आला. मग मधला. त्या डोंगराची खांद्याशी पडलेली खाच मी झोपेतसुद्धा ओळखेन. समोर बघितलं. समोर तसला डोंगर नव्हताच.

मला वाटलं, आता थांबतील. आता वर बघतील. हे वर बघतच नव्हते. ताटात ब्रश, पाण्यात ब्रश, कागदावर ब्रश, आणि मान खाली. अकरा वर्षं जशी होती तशीच. जवळचा डोंगर आला, आणि त्याच्या पायथ्याशी त्यांनी कोरा कागद सोडला. नदीचं वळण. समोरच्या दरीत पाण्याचा थेंब नव्हता, आणि ह्यांच्या कागदावर नदी वाहायला लागली.

ओरडावंसं वाटलं. ‘अहो, वर बघा!’ एवढंच तर म्हणायचं होतं. कागद अजून ओला होता, रंग अजून हलवता आला असता. पण हे गुणगुणत होते हो! चेहऱ्यावर उन्हाने थोडी लाली आली होती, जवळचा चष्मा नाकाच्या टोकावर आला होता, आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात दिसायचे तसे दिसत होते. माझी जीभ उचलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प बसली, आणि तेही नको तेव्हा.

चाळीस मिनिटांत झालं. उजवीकडे ते उतरतं छप्परसुद्धा आलं. ब्रश ठेवून ह्यांनी पाठ ताठ केली, हात वर ताणले.

‘झालं! बघ.’

मी बघितलं.

‘नवं आहे ना?’ म्हणाले. अगदी सरळ माझ्या डोळ्यांत बघून.

ह्यांना ते दिसत नव्हतं. खरंच दिसत नव्हतं. त्यांना वाटत होतं, समोरची दरी काढली. मी नाही म्हटलं असतं तर घरी जाऊन सही. आणखी चारशे ऐंशी. परत तोंड उघडणार नाही म्हणाले होते, आणि हा माणूस शब्दाचा पक्का. हो म्हटलं तर सुटले. एकदा सुटले तर सवयीने हात परत मोकळा होईल, पुढच्या महिन्यात होईल, त्याच्या पुढच्या महिन्यात होईल, असं मी भराभर मनात मांडलं.

‘नवं आहे,’ मी म्हणाले.

तोंड वाकडं झालं असेल माझं. पण हे कागद वाळवण्यात गुंतले होते, त्यांनी बघितलं नाही.

परतीच्या बसमध्ये पाच तास बोलत होते. दर महिन्याला यायचं. ती खाण उन्हाळ्यात कशी दिसेल ते बघायचं. मांडणी मोडून टाकायची, दहा बोर्ड कशाला, एक पुरे. खिडकीशी टेबल नको, दाराशी हवं. मी ‘हो हो’ करत होते. मांडीवर चित्राची पिशवी होती, आणि तिच्यात काहीतरी चोरून आणल्यासारखं वाटत होतं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे मी फोन हातात घेतला. ‘बाईंना आता सांगून टाकते,’ असं मोठ्याने म्हणाले, म्हणजे ह्यांना ऐकू जावं. हे पिशवी घेऊन मागच्या खोलीत गेले. मांडणीत आधीच्या खेपेचे दहा कागद वाळून तयार होते, निघण्याच्या आदल्या दिवशी पुरे केलेले. ते उतरवून टेबलावर ओळीने मांडण्याचा आवाज आला. मग आवाज थांबला.

तिकडे फोन वाजत होता. बाईंनी तो उचलायच्या आत मी तो बंद केला.

आत गेले तर हे टेबलाशी उभे. डोळ्यांवर लांबचा चष्मा. तो काढला, जवळचा लावला. तो काढून परत लांबचा लावला. दहा चित्रं ओळीने होती आणि त्यांच्या शेजारी हे, अकरावं. ह्यांनी त्यातल्या नदीवर बोट ठेवलं, आणि मग शेजारच्या चित्रातल्या नदीवर.

‘तुला तिथंच दिसलं होतं ना?’

‘हो.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही गुणगुणत होतात.’

रागावले असते तर बरं झालं असतं. ओरडले असते, कागद फाडला असता तर मी त्यांच्या पाया पडले असते, म्हटलं असतं, पुढच्या आठवड्यात परत जाऊ, या वेळी मी तुमची मान धरून वर करीन. तसं म्हटलंच मी, रडत रडत म्हटलं. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘मी वर बघितलं होतं गं,’ म्हणाले. ‘मला वाटलं, मी बघतोय.’

मग बाहेर येऊन त्यांनी कराराचा कागद काढला, पेन शोधलं. दोन पेनं चालली नाहीत. तिसऱ्याने सही केली, तीन पानांवर तीन. मी समोर बसून होते. काय तोंडाने बोलणार होते? दीडशेला हो म्हणायला लावलं मी, दहाची पद्धत काढली मी, आणि ज्या एका क्षणी बोलायचं होतं तिथं गप्प बसले मीच.

दुपारी खेप बांधायला घेतली. दोन-दोन चित्रांमध्ये बटरपेपर घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवायची, हे माझं काम. दहावं ठेवलं तोच ह्यांनी ते अकरावं आणून पुढे केलं. कोपऱ्यात त्यांची सही होती, बाकीच्यांवर होती तशीच.

‘हे पण घाल.’

‘हे नाही,’ मी म्हटलं. ‘हे आपण ठेवू. तिथं बसून काढलंय.’

‘कशाला ठेवायचं? वेगळं काय आहे त्यात?’

मी ते हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं. काहीतरी वेगळं असेल, ती तांबडी माती, ती सावली, कुठंतरी एवढासा जांभळा, म्हणून वरपासून खालपर्यंत शोधलं. ह्यांचं माझ्याकडे लक्ष होतं. शेवटी मी बटरपेपर घातला आणि ते खोक्यात ठेवलं.

बाईंच्या ऑफिसात एक माणूस आहे, तो प्रत्येक चित्र नमुन्याशेजारी ठेवून पडताळतो. जरा वेगळं वाटलं की चिठ्ठी लावून परत पाठवतो. मी आठ दिवस त्या माणसाचा धावा करत होते. म्हटलं, बाबा रे, एक परत पाठव. लिही की जुळत नाही म्हणून. दाराची बेल वाजली की मी हातातलं टाकून धावायचे. कधी शेजारीण असायची, कधी पेपरवाला.

नवव्या दिवशी बाईंचा फोन आला. छान झालीत म्हणाल्या, नंबर टाकून खोल्यांत लावायलाही पाठवली. मी फोन ठेवला. हे मागच्या खोलीत होते, दहांचं आकाश चाललं होतं, पंखा बंद होता. आतूनच विचारलं, ‘काय म्हणतायत?’

‘पोचली सगळी,’ मी म्हटलं.

थोडा वेळ पाण्यात ब्रश फिरवल्याचा आवाज येत राहिला.

‘अकराही?’

‘अकराही.’